तेवढी जागा

“तेवढी जागा सोड,” सोनुबाई मामी म्हणाली. “बाकी काय करायचं ते कर.”

अपेक्षाचा हात हवेतच थांबला. झालं! सकाळपासून सगळं कसं सुरळीत चाललं होतं. तिच्या नेरळच्या फ्लॅटचा उरलासुरला रंग पोशीरच्या या मामाच्या घराला पुरत आला होता. मामीच्या दोन जुन्या नऊवारींचे पडदे झाले होते, पत्र्याच्या ट्रंकेवर गोधडी घालून बसायची सोय झाली होती. तीन भिंती उजळल्या होत्या आणि आता चौथीवरच्या एका डागासाठी मामी अडून बसली होती.

रविवारी खालापूरहून पाहुणे येणार होते. मामीचा एकुलता एक मुलगा रूपेश, त्याच्या सोयरिकीसाठी. “ताई, खर्चात पडू नकोस, पण बाहेरची खोली जरा माणसांत आण,” असं सांगून तो निर्धास्त कामावर निघून गेला होता.

आणि तो डाग तरी कुठे असावा? दारातून आत आलं की समोरच. भिंतीवर अगदी खाली, ताटलीएवढा, तेलकट, काळपट.

“अगं मामी, पाहुण्यांची नजर आधी त्याच्यावरच जाईल.”

“जाऊ दे. डोळे हायत त्यांना, बघतील.”

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मामीचा स्वभाव अपेक्षाला पाठ होता. पहिलीपासून सातवीपर्यंत ती याच घरात तर वाढली. बाबा रेल्वेत गँगमन, घाटात ठाकुरवाडीला. तिथे शाळा नाही, म्हणून पोरगी मामाकडे. संध्याकाळी मामा शेतावरून यायचे, पाय धुऊन या खोलीत भिंतीला टेकून बसायचे आणि हुकूम सोडायचे, “वाच गं, मोठ्यानं वाच.” मग अपेक्षाचा धडा सुरू व्हायचा. आतून वालाच्या बिरड्याचा वास यायचा. मामांना निम्मं कळायचं नाही, तरी मान डोलवायचे. तिने मुद्दाम एखादं पान गाळलं तरी ती मान तशीच डोलत राहायची. काय दिवस होते ते! भिंतीला टेकलेले मामा तिला आजही जसेच्या तसे दिसत होते.

मामांना जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून मामी संध्याकाळ झाली की त्या डागासमोर एकटीच बसून राहते, हे रूपेशनेच सांगितलं होतं. अपेक्षाला ते ऐकून भरून आलं होतं. मामांची आठवण काय तिला येत नव्हती? पण जित्या माणसाने असं झुरत बसावं, हे तिला पटत नव्हतं. उद्या घरात सून येईल. तिने काय या डागाला रोज नमस्कार करायचा?

दुपारी मामी दळण घेऊन गिरणीत गेली, तेव्हा अपेक्षाने मन घट्ट केलं. डागावर एकदा तळवा ठेवला. “मामा, रागावू नका हं,” म्हणाली आणि ब्रश फिरवला. तेलकट जागा, रंग धरेना. पण तीही हटली नाही. तीन हात मारल्यावर कुठे भिंत एकसारखी झाली. ती मागे सरून बघत राहिली. खोली इतकी छान दिसत होती की तिचे डोळेच पाणावले. मामीही बघेल, चार शिव्या घालेल, मग रडेल आणि मोकळी होईल, अशी तिची अटकळ होती.

मामी आली. कमरेवरचा पिठाचा डबा तिने खाली ठेवला. शिव्या घातल्या नाहीत. मटकन उंबऱ्यावरच बसली.

अपेक्षा मामीजवळ टेकली, तिचा हात हातात घेतला. “मामी, मलाही मामा रोज आठवतात गं. पण त्यांच्या डागाकडे बघत बसून कसं चालेल? माणूस काय भिंतीत असतो?”

“मामांचा?” मामीने मान वर केली. “मामांचा कुठला? त्यांचं डोकं येवढं खाली येईल का? नि त्या टकलाला तेल कोण चोळत व्हतं? ते त्याच्या समोर बसायचे, या दाराच्या भिंतीला. ती तू सकाळीच रंगवलीस. मी काय बोलले?”

अपेक्षाने वळून दाराच्या भिंतीकडे पाहिलं. खरंच की. मामा समोर बसायचे, म्हणून तर दिसायचे. आपण कुठे टेकून वाचत होतो, ते तिला कधी दिसलंच नव्हतं.

मामी उठली. ओल्या भिंतीवर जिथे डाग होता तिथे तिने बोटं टेकवली. बोटांना रंग लागला.

“रोज चपचपीत तेल घालून मी तुज्या दोन वेण्या घालायची. शाळेतून आलीस का तिथं टेकायचीस, ती झोप येईस्तोवर. मंग तुज्या बाबाची कर्जतला बदली झाली नि तो तुला घेऊन गेला. दर दिवाळीला तुजे मामा चुना मारायचे, ते तेवढी जागा सोडून. मी बोलायची, घाण दिसतंय, मारा की एक हात. तर बोलायचे, ‘राहू दे गं. पोरीला तिकडं करमलं नाय तर ती परत येईल. आल्यावर तिला तिची जागा सापडाय पायजे.’”