चार्ज देण्याआधी

एसटी स्टँडवरून आलेल्या बाईनं ट्रंक खाली टेकवली. "मी मंजू ओसवाल, ठसेतज्ज्ञ. आज हजर होतेय." लीलाधर पाटलांना देवच पावला!

धुळ्याच्या त्या पोलीस कार्यालयात ठसे बघायला दोन माणसं हवीत; होते एकटे लीलाधर. दुसरी खुर्ची इतकी वर्षं रिकामी, की शिपाई झुलाल तिच्यावर आपला डबा ठेवी. आणि दोघा जाणकारांच्या सह्यांशिवाय अहवाल कोर्टात चालत नसे.

"आधी हे बघा," म्हणत लीलाधरांनी भिंगच पुढं सरकवलं. "दोंडाईच्याच्या पेढीतली चोरी. तिजोरीवरचा ठसा हा, अन् कोठडीतल्या वना हमालाची ही दहा बोटं. मला एकही जुळत नाही. पण संध्याकाळच्या आत अहवाल गेला नाही, तर बिचारा तुरुंगात जातो."

दाराशी बसलेली वनाची बायको भिकुबाई ताडकन उठली. "भाऊ, आज व्हई ना काम?"

"व्हई, माय, आज व्हईच!"

मंजूनं पर्समधून हुकूम काढला. "साहेब, मी तुमच्या जागी आलेय. तुमची बदली झालीय."

हातातोंडाशी आलेला घास गेला. लीलाधर मटकन खाली बसले. झुलालनं चार्जचा कागद आणून ठेवला. "करा सही, म्हंजे तुम्ही मोकळे."

पेनाचं टोपण काढता काढता ते थबकले. "झुलाल, सही करेपर्यंत मी इथलाच ना?"

"म्हंजे काय!"

"अन् बाई हजर झाल्या?"

"झाल्या की."

"मग या घटकेला आम्ही दोघं आहोत!" लीलाधर चक्क ओरडले.

मंजू हसली, पण लगेच गंभीर झाली. "मी पाहिल्याशिवाय सही करणार नाही. जुळला, तर जुळला म्हणूनच लिहीन."

"लिहा!"

ती भिंगावर वाकली. एकेक बोट बघू लागली. भिकुबाईनं पदर तोंडात धरला होता. शेवटचं बोट पाहून मंजूनं मान वर केली.

"नाही. एकही जुळत नाही."

दोन सह्या शेजारी शेजारी पडल्या. लीलाधरांनी अहवाल शर्टात खोचला, भिकुबाईला लूनावर मागं बसवलं आणि कोर्टाकडे सुसाट निघाले.

"साहेब, चार्ज राहिला!" झुलाल रस्त्यापर्यंत धावत गेला आणि धापा टाकत परत आला.

मंजू कपाट उघडून उभी होती. एकेका सहीपायी अडलेल्या फायली खालपासून वरपर्यंत कोंबलेल्या होत्या.

"चार्ज घेताना सामान मोजून घ्यावं लागतं ना?"

"हो बाई. भिंगं, चिमटे, खुर्च्या, बठ्ठं."

"मग मोजल्याशिवाय मी नाही घेणार." तिनं बाह्या सरसावल्या आणि वरची फाईल ओढली. "आणि माझं मोजणं फार सावकाश असतं हं."