वर केलेला हात

व्हर्लिनने थोरल्या भावाची, हार्लनची, स्प्रिंट रेसची गाडी वर्षानुवर्षं खपून पुन्हा उभी केली. पत्रा नवा, इंजिन नवं, चाकंही नवी. हार्लन ज्या अपघातात गेला, त्यातून वाचलेलं स्टिअरिंग तेवढं जुनं. मग ही हार्लनचीच गाडी म्हणायची का, हा प्रश्न त्याला पॉलिश करतानाही छळायचा.

तो अपघात झाला होता, इंडियानातल्या त्याच मातीच्या ट्रॅकवर आज तो तिच्यात बसला. या गाड्यांना स्टार्टर नसतो. ड्रायव्हरने हात वर केला की मागून ट्रकने ढकलायचं. इंजिन सुरू झालं की तो हात खाली घेतो आणि ट्रक थांबतो. ट्रकवर त्याची बायको लोरीन होती.

पट्टा बांधण्याआधी त्याने ते जुनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी क्षणभर धरून पाहिलं.

तोच मागून धक्का बसला.

"अगं, थांब! पट्टा बांधायचाय अजून!"

ट्रक थांबला. लोरीनने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मग हात कशाला वर केलास?"

"मी? माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत."

"चेष्टा पुरे हं, व्हर्लिन," ती म्हणाली. "आधी तो हात खाली घे."