सल्ला न देणारी खोली

"बाबांना एकदा तरी स्पष्ट सांगा ना, सिगारेट सोडा म्हणून," मुलगी म्हणाली.

समुपदेशिका रेकॉर्डर टेबलावर ठेवत होती. "मला सांगता येत नाही. या अभ्यासात आमच्या गटाने फक्त विचारायचं, ऐकायचं, माणसाची कारणं त्याच्याच तोंडून येऊ द्यायची. सल्ला शेजारच्या खोलीत देतात."

"मग त्यांना तिकडे घ्या."

"कोण कुठल्या गटात, ते संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलंय. मध्येच बदललं तर दोन पद्धतींची तुलना कशी करणार?"

"सिगारेटपायी त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापला. आता उजवा काळा पडतोय. आणि घरी येऊन मलाच ऐकवतात, ती पोरगी बघ किती गोड, काही सोडायला सांगत नाही!"

"तुम्हाला खूप भीती वाटतेय."

"माझ्यावर नका हो तुमची ती पद्धत चालवू." मुलीने डोळे पुसले. "तिकडच्यांची तरी सुटते का?"

"तेच अजून कळायचंय."

बाबा कुबडी टेकत आत आले, दाराकडे पाठ करून बसले. मुलगी बाहेर गेली. रेकॉर्डरचा लाल दिवा लागला.

"सिगारेट सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहा."

"तीन."

"शून्य का नाही?"

या प्रश्नाला बहुतेक जण अडखळतात. तेही अडखळले. उजव्या पायातल्या मोज्याकडे बघत राहिले.

"हिची आई गेल्यापासून मला कुणी दटावलंच नाही. ही बोलायला लागते आणि रडतेच." त्यांनी खिशातून पाकीट काढलं, कचऱ्याच्या डब्यावर धरलं. "पोरी, तू म्हण. नुसतं 'सोडा' म्हण. आत्ता टाकतो, तुझी शपथ."

शब्द समुपदेशिकेच्या जिभेवर आला. पण दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेतलेली शपथ जिना उतरेपर्यंत टिकते, असं तिला शिकवलं होतं. आणि ते खरं की नाही, हेच तर तपासायचं होतं.

"म्हणजे कुणीतरी आपल्याला दटावावं, असं तुम्हाला वाटतंय," ती म्हणाली.

'सोडा' काही ती म्हणेना. तेव्हा ते मान खाली घालून हसू लागले, आवाज न करता, बराच वेळ. पाकीट पुन्हा खिशात गेलं.

दाराच्या काचेतून मुलीला बाबांचे हलणारे खांदे तेवढे दिसले. बाबा रडतायत असं वाटून तिने तोंडावर हात दाबला. मग समुपदेशिकेकडे बघून नुसत्या ओठांनी म्हणाली, थँक्यू.