दीड इंच

दाजींना तीनतीनदा बजावलं होतं, “डोंगरात जीप उलटली तर माणसं वाचवणारा पिंजरा करतोय आपण. त्याला ट्यूब लागते, आणि ट्यूब बाहेरून मोजतात. ती वाकवायच्या बेंडरचा साचा तसा बघून घ्या.” दोन महिने व्हिडिओ बघून, माझं डोकं खाऊन त्यांनी पाइपचा बेंडर उचलून आणला. पाइपचा दीड इंच आतून धरतात, म्हणजे बाहेरून तो जाड भरतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. सैल साच्यात आमची दीड इंची ट्यूब वाकताना चावलेल्या स्ट्रॉसारखी चपटली. वर मलाच म्हणतात, “तुम्हा वेल्डरांना कीस पाडायची सवयच. दीड इंच म्हणजे दीड इंच. रंग मारला की कोणाला दिसतंय?” मी तीच ट्यूब वेल्डिंगचे कच्चे टाके मारून जागेवर बसवली आणि ताईला बोलावून जीपमध्ये दाजींच्या ड्रायव्हिंग सीटशेजारी बसवलं. ट्यूबचा चपटा बाक बरोबर तिच्या डोक्यावर आला. रंगाचा डबा दाजींपुढे ठेवून म्हटलं, “मारा.”