धुपाची चिमूट

"चिमूटभर धूप टाक आणि घरी जा," सम्राटाच्या पुतळ्यापुढच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवत रोमन सुभेदार दुसऱ्यांदा म्हणाला.

"मी ख्रिस्ताची आहे. नाही टाकणार," विणकरीण म्हणाली. तिसऱ्या नकाराला मृत्युदंड होता.

सुभेदाराला तिला मारायचं नव्हतं. "मनात काय आहे ते कोण बघतंय, बाई? ही बघ, माझी बायकोसुद्धा टाकते." त्याने शेजारी बसलेल्या बायकोपुढे धुपाचं तबक धरलं.

बायको उठली. तबकातून चिमूट घेतल्यासारखं करून तिने बोटं निखाऱ्यांवर उघडली. धूर उठला नाही.

विणकरणीने ते पाहिलं आणि चटकन नजर खाली वळवली. सुभेदारानेही पाहिलं होतं. त्याने तबक घाईने खाली ठेवलं.

"तिसऱ्यांदा विचारायचंय, सरकार," शिपाई म्हणाला.

बायको विणकरणीशेजारी जाऊन उभी राहिली. "तिला नको. मला विचारा."