उन्हातली चाचणी

"हात लावा की," विजयसिंह म्हणाला. "भाजंल, पण लावा."

शशिधरने काँप्युटरच्या डब्यावर तळवा टेकवला आणि लगेच उचलला. डब्याची एक बाजू काढून ठेवलेली होती. आत पंखे घोंगावत होते आणि पडद्यावर एक खेळ आपोआप चालला होता. सैनिक धावत होते, पूल कोसळत होते, पण चित्र कुठे म्हणून अडकत नव्हतं. शशिधर आला होता धंद्याच्या कामाला, पण आत्ता त्याचा चेहरा जत्रेतल्या पोरासारखा झाला होता.

शाहूपुरीत तो गेम पार्लर काढणार होता. त्यासाठी दहा मशीन हवी होती, आणि ती कुणाकडून बांधून घ्यायची ते आज ठरणार होतं. कॉलेज संपवून वर्षभर घरी बसलेल्या विजयसिंहाचं ते पहिलंच काम ठरलं असतं. शशिधरची अट एकच होती. मे महिन्यात, भर दुपारी, अर्धा तास मशीन अडकता कामा नये.

"रात्रीचं काय, कुणाचंबी पळतंय," तो म्हणाला होता.

"कंपनीनं ह्याचा वेग ठेवलाय दोन पॉइंट चार गिगाहर्ट्झ," विजयसिंह सांगू लागला. "मी तीन पॉइंट दोनवर पळवतोय."

"मारून?"

"न्हाय अण्णा, चारून. वीज जरा जास्त द्यायची. तापतंय तेवढंच. पण उन्हाळाभर एकदाबी अडकलं न्हाय."

ही बढाई नव्हती. खरोखरच अडकलं नव्हतं. त्यामुळे पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा सत्तरवर गेला तरी गडी निवांत होता. बाहत्तरला त्याने मान पुढे काढली. पंचाहत्तरला सैनिक धावता धावता थांबले, पडदा निळा झाला आणि खोलीत नुसते पंखे ऐकू येऊ लागले.

विजयसिंहाच्या तोंडचं पाणी पळालं. "असं कधी झालं न्हाय," तो म्हणाला, आणि प्रत्येक विकणारा हेच म्हणतो हे त्याला आठवलं. शशिधरने घड्याळाकडे पाहिलं. त्यापेक्षा तो चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात विजयसिंहाची आई, शालूबाई, ताकाचे पेले घेऊन आत आली. निळा पडदा पाहून ती थबकली.

"बंद पडलं व्हय? पडनारच की. आज गोणपाट काढलंय मी."

"कसलं गोणपाट?" शशिधरने विचारलं.

तिने काँप्युटरच्या मागच्या खिडकीकडे बोट केलं. खिडकी गोठ्यात उघडत होती. "रोज दुपारचं भिजवून लावती पलीकडनं. आज पावणं येनार म्हनून काढलं. शेणाचा वास मारतोय त्याला. बरं दिसतंय व्हय?"

"ते म्हशींसाठी असतंय न्हवं?" विजयसिंह म्हणाला.

"म्हशी दुपारच्या तळ्यावर असत्यात. गोठ्यात हाय कोन त्या वक्ताला? तापलं की बिघडतंय, असं तूच म्हनलास न्हवं एकदा?"

विजयसिंह खिडकीकडे बघत राहिला. उन्हाळाभर ज्याला त्याला तो आपल्या करामतीचा आकडा सांगत सुटला होता. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भरून आलं. पाहुण्यासमोर दोन्ही दिसू नयेत म्हणून त्याने ताकाचा पेला तोंडाला लावला.

शशिधरची उत्सुकता मात्र चाळवली होती. "मावशी, लावा बघू परत."

गोणपाट आलं, पाणी गाळत, आपला वास घेऊन. त्यातून येणारी झळ गार झाली. मशीन पुन्हा सुरू केलं. आकडा अडुसष्टवर चढला आणि तिथेच बसला. अर्धा तास झाला तरी सैनिक धावतच होते.

"पास!" शशिधरने मांडीवर थाप मारली. "पार्लरला कूलर बसवतो, झालं. दहा मशीन तुझीच."

काम मिळालं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. विजयसिंह उठला.

"आई, गोणपाट काढ."

"आता? गार झालंय की बरं."

"काढ गं."

त्याने मशीन बंद करून चालू केलं आणि वेग एक पायरी खाली आणला. बाहेर पत्रा अजून उन्हाने तडतडत होता. तीनवर पडदा निळा झाला. आणखी खाली. शशिधर कंटाळला नाही, उलट खुर्ची पुढे ओढून बसला. शालूबाई ओलं गोणपाट हातात धरून दारातच उभी राहिली. दोन पॉइंट आठवर आकडा सत्तरला येऊन थांबला, अर्धा तास हलला नाही, आणि सैनिक पुलावरून पलीकडे गेले.

"बरं, दोन पॉइंट आठ. काम तुझंच," शशिधर म्हणाला. "पण मघाशी तीन पॉइंट दोनवर पळालेलं मी डोळ्यानं बघितलंय. ते का सोडतोस?"

"दोन पॉइंट आठ माझं हाय, अण्णा," विजयसिंह म्हणाला. "वरचं आईचं. ते विकायचं न्हाय."