धारपांचा गुडघा

पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्या वेधशाळेच्या चुंबकघरात धारप खुर्चीत बसले, की पडद्यावरची उत्तर दिशा पूर्वेकडे सरकायची. आत लोखंडाला बंदी म्हणून पट्टा, किल्ल्या सगळं ते बाहेर ठेवत. अपघातानंतर गुडघ्यात बसवलेली पोलादी पट्टी मात्र त्यांनी लपवली होती.

"काका, गुडघा ना?" सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मृदुलाने विचारलं.

धारपांचा चेहरा उतरला. "बोलू नकोस गं. आवक-जावकच्या टेबलावर फेकतील मला."

"कशाला? पृथ्वीच्या गणितातून तुमचा गुडघा कायमचा वजा करते."

तिने केला. नोंदी फक्त धारपांच्याच पाळीत होत, त्यामुळे उत्तर दिशा मुकाट जागेवर आली आणि धारपांची खुर्ची वाचली.

मग लेकीच्या बाळंतपणासाठी त्यांनी रजा टाकली. पहिल्याच दुपारी साहेबांचा फोन आला.

"धारप, असाल तसे निघा. तुम्ही गेलात आणि उत्तर पश्चिमेला कलली हो!"